हेमाडपंत फक्त मंदिरांसाठीच ओळखता? पोट आणि दम्याचं नातं सांगणाऱ्या ग्रंथावर त्यांनी टीका लिहिली होती!

हेमाडपंत म्हटलं की चुन्याशिवाय दगडावर दगड बसवून उभारलेली मंदिरं आठवतात, नाहीतर मोडी लिपी. पण यादवांच्या या मंत्र्याने वैद्यकातही मोठं काम करून ठेवलंय. त्याचा धागा थेट रात्री झोपमोड करणाऱ्या खोकल्यापर्यंत येतो.

कोण होते हेमाडपंत?

मूळ नाव हेमाद्री, वडिलांचं नाव कामदेव. १३व्या शतकात देवगिरीच्या महादेव यादवाच्या (१२६१ ते १२७१) दरबारात ते श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दफ्तराचे प्रमुख होते. पुढे रामचंद्र यादवाच्या काळातही त्यांचा दबदबा कायम राहिला. भूम तालुक्यातलं ईट आणि आजचा धाराशिव जिल्हाही तेव्हा यादवांच्याच राज्यात होता.

व्रतं, दानं, श्राद्ध यांवरचा 'चतुर्वर्गचिंतामणी' हा प्रचंड ग्रंथ त्यांच्या नावावर आहे. महानुभाव साहित्यात मात्र त्यांच्यावर कडक टीका आढळते. बोपदेव या व्याकरणकाराला त्यांनी आश्रय दिला. बोपदेवाचे वडील केशव हे वैद्य होते आणि स्वतः बोपदेवानेही वैद्यकावर लिहिलं. अशा वातावरणात हेमाद्रींनी वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथावर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिली. ती आजही अभ्यासली जाते.

पोटाचा श्वासाशी काय संबंध?

वाग्भटाच्या या ग्रंथात श्वासरोगाचा उगम छातीत नाही, तर आमाशयात, म्हणजे जठराच्या भागात सांगितलाय. तिथली कारणमीमांसा वात आणि कफाची आहे, आजच्या अ‍ॅसिडिटीची नाही. पण दम लागला तर पोटाकडेही बघावं, हे निरीक्षण पक्कं होतं. हेमाद्रींनंतर सुमारे ६०० वर्षांनी, १८९२ साली, विल्यम ऑस्लर या डॉक्टरांनी आपल्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकात हेच नोंदवलं: पोट तुडुंब भरलं की दम्याचा झटका येऊ शकतो.

आजचं विज्ञान दोन वाटा सांगतं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला स्नायूंची एक झडप असते. ती सैल पडली की जठरातलं आम्ल वर येतं. त्याचे बारीक थेंब घशातून श्वासनलिकेत उतरले तर तिथे सूज येते. दुसरी वाट नसांची. अन्ननलिका आणि श्वासनलिका यांना एकच व्हेगस नस जाते. त्यामुळे आम्ल फक्त अन्ननलिकेत आलं तरी श्वासनलिका आवळू शकते. उलट, दम्यामुळे छातीतला दाब बदलून आम्ल वर येणंही वाढतं.

लक्षणं कोणती? आडवं झाल्यावर खोकला, जेवणानंतर घरघर, सकाळी बसलेला आवाज, तोंडात आंबट पाणी. काहींना छातीत जळजळ अजिबात जाणवत नाही.

मग करायचं काय?

रात्रीचं जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवावं. कुंथलगिरीचा पेढा असो की तेलाचा तवंग असलेला रस्सा, तुपातेलाचे पदार्थ जठरात जास्त वेळ रेंगाळतात. ते झोपण्याआधी टाळावेत. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू अर्धा फूट उंच करावी. नुसती जास्तीची उशी घेऊन तेवढा फायदा होत नाही. तंबाखू सोडावी, वाढलेलं वजन कमी करावं.

मात्र प्रत्येक दमा पोटातून येत नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, दमा आटोक्यात नसलेल्या पण आम्लपित्ताचा फारसा त्रास नसलेल्या रुग्णांना आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी फायदा झाला नाही. त्यामुळे अ‍ॅसिडिटीची गोळी सुरू करून दम्याचा पंप परस्पर बंद करणं धोक्याचं आहे. आणि अचानक दम लागला, छातीत दुखलं, घाम फुटला तर गॅस समजून सोडा पीत बसू नये. तातडीने दवाखाना गाठावा.

घरात कुणाचा रात्रीचा खोकला महिनोन्‌महिने जात नसेल, तर डॉक्टरांकडे गेल्यावर पोटाचा त्रासही सांगायला विसरू नका. हेमाद्रींनी अभ्यासलेल्या ग्रंथात श्वासाचा माग तिथूनच काढलेला आहे.