नळीचे मर्म जाणणारे आर्मस्ट्राँग

अमेरिकेतील ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली 'ऑडिऑन' नावाची काचेची एक नळी तयार केली. आत तापणारी तार, समोर धातूची प्लेट आणि दोहोंच्या मध्ये बारीक तारेची जाळी, एवढाच तिचा संसार. बिनतारी संदेश ती टिपत असे. पण ते नेमके कसे, याचा उलगडा खुद्द तिच्या जनकालाही झाला नव्हता. नळीत थोडा वायू शिल्लक असलाच पाहिजे, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात तो वायूच तिचा शत्रू होता. प्लेटवरचा विद्युतदाब जरा वाढविला, की वायूचे कण विद्युतभारित होत, नळी आतून निळसर उजळे आणि तिचे काम बंद पडे. या नळीचे मर्म उलगडले ते एकविशीतल्या एका हौशी विद्यार्थ्याने. एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग हे त्याचे नाव. रेडिओच्या इतिहासात त्यांच्याएवढी मूलभूत भर घालणारे आणि त्यांच्याएवढे न्यायालयात पराभूत झालेले संशोधक विरळाच.

१८ डिसेंबर १८९० रोजी न्यू यॉर्कमध्ये आर्मस्ट्राँग यांचा जन्म झाला. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकेतील शाखेत, आई शिक्षिका. बालपणी अंगाला झटके आणणाऱ्या विकाराने त्यांना गाठले. शाळा दोन वर्षे सुटली, आणि खांदा व मान आचके देण्याची खोड जन्मभर राहिली. १९०२ साली कुटुंब हडसन नदीकाठच्या याँकर्स या गावी राहावयास गेले. वडिलांनी लंडनहून आणलेले संशोधकांविषयीचे पुस्तक वाचून या अबोल मुलाने मार्कोनींचा मार्ग धरण्याचे ठरविले. माळ्यावरच्या खोलीत त्याची प्रयोगशाळा उभी राहिली. दूरचे क्षीण संदेश ऐकू यावेत म्हणून १९१० साली त्याने अंगणात १२५ फूट उंचीचा डोलकाठीसारखा खांब उभारला, आणि दोराच्या झोक्यात बसून तो स्वतःच त्याच्या टोकापर्यंत चढत असे. उंचीचे हे वेड पुढेही सुटले नाही.

कोलंबिया विद्यापीठात आर्मस्ट्राँग मोटारसायकलवरून ये-जा करीत. मायकेल प्युपिन यांच्यासारखा गुरू त्यांना तेथे लाभला. ऑडिऑन चालते कशी, हे तर्काने ठरविण्याऐवजी त्यांनी मोजून पाहिले. जाळीवर आलेल्या दुबळ्या संदेशाबरहुकूम प्लेटमधील प्रवाह कमीजास्त होतो, असे त्यांना आढळले. मग १९१२ साली त्यांनी एक साधी पण विलक्षण गोष्ट केली. प्लेटकडील ऊर्जेचा थोडा भाग त्यांनी पुन्हा जाळीकडे वळविला. संदेश पुनःपुन्हा वाढत जाऊन हजारो पटींनी मोठा झाला. पूर्वी कानाला श्रवणयंत्र घट्ट दाबून ऐकावे लागणारे ठोके आता खोलीभर ऐकू येऊ लागले. हा पुनर्भरणा एका मर्यादेपलीकडे नेला, की नळी स्वतःच लहरी निर्माण करू लागे. म्हणजे एकच नळी ग्राहकही झाली आणि प्रक्षेपकही.

पेटंटसाठी वडिलांकडे पैसे मागितले, तर आधी पदवी घे, असा त्यांचा आग्रह. तेव्हा मामांच्या सल्ल्याने आर्मस्ट्राँग यांनी मंडलाचा आराखडा ३१ जानेवारी १९१३ रोजी नोटरीकडून साक्षांकित करून ठेवला. प्रत्यक्ष अर्ज ऑक्टोबरमध्ये गेला. त्याच सुमारास अर्व्हिंग लँगम्यूर आणि हॅरॉल्ड अर्नोल्ड यांनी स्वतंत्रपणे नळीतील वायू जवळजवळ संपूर्ण काढून टाकला. निळा उजेड विझला आणि नळीला मोठा दाब सोसण्याचे सामर्थ्य आले.

पहिल्या महायुद्धात सैन्याधिकारी म्हणून पॅरिसमध्ये असताना, १९१८ साली, त्यांनी सुपरहेटरोडाइन पद्धत शोधली. येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या लहरीचे आधी ठरावीक खालच्या कंप्रतेत रूपांतर करून मग ती वाढवायची, ही ती युक्ती. पुढील काळातील बहुतेक सर्व रेडिओसंच याच तत्त्वावर बनले. आरसीए या बलाढ्य कंपनीशी झालेल्या व्यवहारातून ते श्रीमंत झाले. कंपनीचे डेव्हिड सार्नोफ यांच्या सचिव मेरियन मॅकिनिस यांच्याशी १९२३ साली त्यांचा विवाह झाला.

हौशी मंडळींचा संग मात्र त्यांनी सोडला नाही. डिसेंबर १९२१ मध्ये कनेक्टिकटमधील ग्रीनिच येथे त्यांनी व मित्रांनी उभारलेल्या केंद्राचे संदेश स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर तंबूत बसलेल्या पॉल गॉडली यांनी टिपले. लघुलहरींवर सुमारे एक किलोवॉट शक्तीत, नळ्यांच्या जोरावर, हौशी माणसांनी अटलांटिक ओलांडला होता.

त्यानंतर अनेक दशके हौशी केंद्रांत नळ्यांचे अॅम्प्लिफायर धडधडत राहिले. जुने संच जतन करणाऱ्यांना आजही त्यांत ठिणग्या उडण्याचा विकार भेडसावतो. त्यामागील दोन प्रमुख कारणे आर्मस्ट्राँग यांच्या तरुणपणीचीच आहेत. पहिले कारण वायू. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या नळीत धातूतून व काचेतून सुटलेला वायू साठतो, आणि हजारो व्होल्टचा दाब एकदम दिला की आतल्या आत कडाडून ठिणगी पडते. म्हणून जाणकार आधी नुसती तार बराच वेळ तापवत ठेवतात आणि दाब हळूहळू चढवितात. दुसरे कारण पुनर्भरणा, पण नको तेथे झालेला. प्लेटकडील ऊर्जा चोरवाटेने जाळीकडे परतली, की नळी भलत्याच उच्च कंप्रतेवर आंदोलने देऊ लागते आणि कपॅसिटरच्या पात्यांमध्ये किंवा बँड बदलण्याच्या स्विचमध्ये ठिणग्या उडतात. त्यावर प्लेटच्या वाटेत रोधक व वेटोळे यांची जोडी बसवितात. ती जळली वा बिघडली असेल तर नुसता स्विच बदलून काहीच साधत नाही, तोही पुन्हा जळतो. संच उघडण्यापूर्वी कपॅसिटरमधील प्राणघातक भार काढून टाकणे, हा या कामाचा पहिला नियम.

ज्या पुनर्भरण्याने आर्मस्ट्राँग यांना कीर्ती दिली, त्यानेच त्यांना न्यायालयात खेचले. शोध आधी आपलाच, असा डी फॉरेस्ट यांचा दावा होता. १९२२ साली निकाल आर्मस्ट्राँग यांच्या बाजूने लागला. पण प्रतिपक्षाकडील वसुली सोडून देण्यास ते तयार झाले नाहीत आणि वाद चिघळला. पुढे फासे उलटले. १९२८ आणि पुन्हा १९३४ साली सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्ट यांना कौल दिला. तंत्रज्ञांना हा निकाल तांत्रिक अज्ञानाचा वाटला. आर्मस्ट्राँग यांनी याच शोधासाठी मिळालेले इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओ इंजिनिअर्सचे सन्मानपदक परत करू पाहिले, तेव्हा संस्थेने ते घेण्यास नकार दिला आणि त्यांचा मान पुन्हा अधोरेखित केला.

तोवर त्यांनी आणखी एक शोध पुरा केला होता. लहरीची उंची न बदलता कंप्रता बदलून ध्वनी पाठविला, तर वीजगडगडाटाची खरखर जवळजवळ नाहीशी होते. या एफएम पद्धतीची पेटंटे त्यांना २६ डिसेंबर १९३३ रोजी मिळाली. नोव्हेंबर १९३५ मध्ये अभियंत्यांसमोर झालेल्या प्रात्यक्षिकात ध्वनी आला, तो याँकर्समधील एका हौशी मित्राच्या घरातील केंद्रावरून. आरसीएने मात्र आपले बळ दूरचित्रवाणीमागे लावले. १९४५ साली सरकारी आयोगाने एफएमला नव्या कंप्रतापट्ट्यात हलविले आणि लोकांच्या घरातील जुने संच एका निर्णयाने निरुपयोगी ठरले. १९४८ साली आर्मस्ट्राँग यांनी आरसीएवर दावा गुदरला. खटला लांबत गेला, संपत्ती आटली, प्रकृती ढासळली, संसारही दुभंगला. ३१ जानेवारी १९५४ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्यांनी आपले जीवन संपविले. नोटरीने तो आराखडा साक्षांकित केल्याला त्या दिवशी बरोबर ४१ वर्षे झाली होती.

मेरियन यांनी लढा सोडला नाही. त्याच वर्षअखेर आरसीएने दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम देऊन तडजोड केली. उरलेले दावे त्या एकामागून एक जिंकत गेल्या. १९६७ साली मोटोरोलाविरुद्धचा शेवटचा निकालही त्यांच्याच बाजूने लागला. दहा वर्षांनी, १९७७ मध्ये, आकाशवाणीचे एफएम प्रसारण मद्रासमध्ये सुरू झाले. पुनर्भरण्याबाबतचा १९३४ चा न्यायालयीन निकाल कागदावर तसाच आहे. अभियंत्यांच्या लेखी मात्र त्या शोधाचे श्रेय आर्मस्ट्राँग यांचेच आहे.