खुराड्यातील शिक्षिका

वृद्धांची विचारपूस हे दयाळू माणसांनी सवडीने करावयाचे काम आहे, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. चार फळे न्यावीत, घटकाभर बसावे आणि कर्तव्य केल्याच्या समाधानाने घरी परतावे. एथेल पर्सी अँड्रस या अमेरिकन मुख्याध्यापिकेला मात्र अशाच एका भेटीनंतर स्वस्थपणे घरी बसता आले नाही.

अँड्रसबाईंचा जन्म १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. शिक्षण शिकागोत घेत असताना जेन अ‍ॅडम्स यांच्या हल हाउस या सेवाकेंद्रात त्या स्वयंसेवक म्हणून काम करीत. गरिबांच्या वस्तीत शेजारी म्हणून राहून सेवा करणे, ही त्या केंद्राची रीत होती. १९१६ साली त्या लॉस एंजलिसच्या लिंकन हायस्कूलच्या मुख्याध्यापिका झाल्या. नाना देशांतून आलेल्या कष्टकऱ्यांची मुले तेथे शिकत. त्यांच्या पालकांसाठीही बाईंनी सायंकाळचे वर्ग चालविले. १९४४ मध्ये आजारी आईच्या शुश्रूषेसाठी त्यांनी निवृत्ती पत्करली.

आई बरी झाली. बाईंचे निवृत्तिवेतन महिना साठ डॉलरांच्या आसपास होते. घरची पुंजी होती म्हणून निभावले. ज्यांना ती नव्हती त्यांचे काय, हा प्रश्न निवृत्त शिक्षकांच्या संघटनेचे कल्याणकार्य करताना पुढे आला. एका वृद्ध शिक्षिकेची चौकशी करीत गेल्या असता ती कोंबड्यांच्या खुराड्यात राहत असल्याचे त्यांना आढळले. अनेक वर्षे मुलांना शिकविलेल्या त्या स्त्रीला याहून बरा निवारा परवडत नव्हता.

१९४७ मध्ये बाईंनी निवृत्त शिक्षकांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. निवृत्तिवेतनाइतकाच निकडीचा प्रश्न आजारपणाच्या खर्चाचा होता. नोकरीत असेपर्यंत मालकामार्फत सामूहिक विमा मिळे आणि निवृत्तीबरोबर, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी, तो संपे. एकट्या वृद्धाचा विमा उतरविणे म्हणजे हमखास तोटा, असा विमा कंपन्यांचा हिशेब होता. चाळीसहून अधिक कंपन्यांनी बाईंना नकार दिला. तथापि, हजारो सभासद एकत्र आले तर आजारी आणि धडधाकट यांचा भार परस्परांत वाटला जातो, हे त्या हिशेबाचेच दुसरे अंग होते. लेनर्ड डेव्हिस या विमा मध्यस्थाच्या साहाय्याने १९५६ मध्ये वैद्यकीय तपासणीच्या अटीविना सामूहिक विमा सुरू झाला. इतर व्यवसायांतील वृद्धांनीही मागणी केली आणि १९५८ मध्ये सर्वांसाठी नवी संघटना उभी राहिली. वृद्धांसाठी सरकारी आरोग्यविम्याचा कायदा तेथे त्यानंतर सात वर्षांनी, १९६५ मध्ये झाला.

बाईंनी वृद्धांना केवळ विमेदार मानले नाही. निवृत्ताजवळ वेळ आहे, अनुभव आहे, तो समाजाच्या उपयोगी पडला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. १९६७ मध्ये त्या निवर्तल्या. पुढच्याच वर्षी संघटनेने प्राप्तिकराची विवरणपत्रे विनामूल्य भरून देण्याची योजना चार स्वयंसेवकांनिशी सुरू केली. हिशेबात आयुष्य घालविलेल्या निवृत्तांना तीत आपल्या समवयस्कांच्या उपयोगी पडता येऊ लागले.

या यशाला दुसरी बाजूही आहे. संघटना आणि डेव्हिस यांची विमा कंपनी यांच्या निकट संबंधांवर १९७० नंतरच्या दशकात कडक टीका झाली. सेवा आणि व्यापार एका छपराखाली नांदू लागले की सभासदांनी जागरूक राहावे लागते. परंतु त्यामुळे मूळ धडा खोटा ठरत नाही. कोणत्याही कचेरीच्या दप्तरात ते खुराडे दिसले नसते. त्यासाठी कोणीतरी दारापर्यंत जाणे आवश्यक होते. आणि बाई केवळ भेटून परतल्या असत्या, तर ती शिक्षिका तेथेच राहिली असती व तिच्यासारख्या इतरांची वाटही तिकडेच वळली असती.