शुक्रवारची सुट्टी

झुल्फिकार अली भुट्टो म्हटलं की आपल्याला १९७१ चं युद्ध आणि सिमला करार आठवतो. पण मला हा माणूस वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. धर्माचं राजकारण फक्त कट्टर, दाढीवाले नेतेच करतात असा आपला समज असतो. भुट्टो तसे मुळीच नव्हते.

जन्म ५ जानेवारी १९२८ चा, सिंधमधल्या लारकान्याचा. घर बड्या जमीनदाराचं. शाळा मात्र आपल्या मुंबईची, कॅथेड्रल! पुढे आपल्याकडे खासदार झालेले पिलू मोदी त्यांचे शाळासोबती. त्यांनी नंतर या दोस्तावर पुस्तकच लिहिलं. मग बर्कले, ऑक्सफर्ड आणि लंडनची बॅरिस्टरी. भारी सूट, फर्डं इंग्लिश, दारूचंही वावडं नाही. तिसाव्या वर्षी मंत्री, पस्तिसाव्या वर्षी परराष्ट्रमंत्री. एकदम मॉडर्न इमेज!

१९६७ मध्ये लाहोरला त्यांनी पाकिस्तान पीपल्स पार्टी काढली. घोषणा होती रोटी, कपडा और मकान. नुसता समाजवाद म्हटलं तर नास्तिक ठरवतील, म्हणून त्याच्या आधी इस्लामी हा शब्द जोडला. १९७० च्या निवडणुकीत पश्चिम पाकिस्तानातल्या १३८ पैकी ८१ जागा त्यांना मिळाल्या. धार्मिक पक्ष खूप मागे पडले. म्हणजे लोकांनी मत दिलं ते भाकरीला. हे लक्षात ठेवा, कारण भुट्टो स्वतःच ते विसरले.

देशाचे दोन तुकडे झाल्यावर सत्ता हातात आली. १९७३ च्या राज्यघटनेत इस्लाम हा देशाचा अधिकृत धर्म झाला. फेब्रुवारी १९७४ मध्ये लाहोरला इस्लामी देशांची मोठी परिषद भरवून भुट्टो मुस्लिम जगाचे नेते म्हणून मिरवले. त्याच वर्षी अहमदिया पंथाविरुद्ध दंगली पेटल्या. धार्मिक पक्षांनी दबाव आणला आणि ७ सप्टेंबरला संसदेने घटनादुरुस्ती करून अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवलं. कोण मुसलमान आणि कोण नाही, हे आता खासदार ठरवणार! गंमत म्हणजे १९७० मध्ये याच अहमदियांनी भुट्टोंना पाठिंबा दिला होता.

मार्च १९७७ ची निवडणूक ते जिंकले, पण मतांत घोटाळा झाल्याचा आरोप झाला. नऊ पक्षांची आघाडी रस्त्यावर उतरली. तिची घोषणा होती निजाम-ए-मुस्तफा, म्हणजे पैगंबरांची राज्यव्यवस्था. एप्रिलमध्ये भुट्टोंनी दारूबंदी केली, जुगार आणि नाइट क्लब बंद केले, रविवारऐवजी शुक्रवारची सुट्टी जाहीर केली. त्यांना वाटलं, विरोधकांच्या हातातला मुद्दाच काढून घेऊ. पण आंदोलन थांबलं नाही. कंट्रोल सिस्टीममध्ये पॉझिटिव्ह फीडबॅक असतो ना, तसंच झालं: जेवढं द्याल तेवढी मागणी वाढते.

५ जुलै १९७७ ला जनरल झिया उल हक यांनी सत्ता काबीज केली. १९७६ मध्ये कितीतरी सीनियर अधिकाऱ्यांना डावलून झियांना लष्करप्रमुख केलं होतं ते भुट्टोंनीच! ४ एप्रिल १९७९ ला रावळपिंडीच्या तुरुंगात भुट्टोंना फाशी दिली. वय होतं ५१.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९८४ मध्ये झियांनी वटहुकूम काढला, की अहमदियांनी स्वतःला मुसलमान म्हणवलं किंवा आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हटलं तरी तीन वर्षांपर्यंत कैद. या इमारतीचा पाया १९७४ मध्येच घातला गेला होता, आणि तो घालणारा धर्मवेडा नव्हता, खुर्ची वाचवू पाहणारा एक हुशार, सुशिक्षित माणूस होता.

म्हणून मित्रांनो, नेत्याचा सूट किंवा टोपी बघून तो सेक्युलर की कट्टर हे ठरवू नका. अडचणीत सापडल्यावर त्याने कुठला कायदा केला ते बघा. भुट्टोंची शुक्रवारची सुट्टी १९९७ मध्ये रद्द होऊन पुन्हा रविवार आला. १९७४ ची ती दुरुस्ती मात्र आजही घटनेत आहे.