पाहुण्या पक्ष्यांच्या पिसांतले कोडे

डॉ. सलीम अली यांचे नाव घेतले की दुर्बीण, सुगरणीची घरटी आणि पक्ष्यांवरची देखणी पुस्तके डोळ्यांसमोर येतात. मात्र त्यांच्या आयुष्यातील एक वादळी अध्याय पक्ष्यांच्या पिसांत दडून राहणाऱ्या क्षुद्र जिवांमुळे घडला, हे फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत जन्मलेल्या सलीम अलींचे आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी खेतवाडीतील घरी त्यांचा सांभाळ केला. बालपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेली पिवळ्या कंठाची चिमणी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारात घेऊन गेली आणि त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. पुढे बर्लिनमध्ये एर्विन श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकून 1930 मध्ये ते परतले, तेव्हा संग्रहालयातील नोकरी उरली नव्हती. त्या बेकारीतच अलिबागजवळच्या किहीमला त्यांनी सुगरणीच्या संसाराचा अभ्यास केला. 1939 मध्ये पत्नी तेहमिना यांचे निधन झाले. 1941 मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे गाजलेले पुस्तक प्रसिद्ध झाले.

साठी ओलांडताना त्यांच्यापुढे नवे कोडे आले. 1957 मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसेही तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने शोधलेला विषाणू रशियातील गोचिडींमुळे पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद निघाला. मग हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांनीच तो अंगावरील गोचिडींतून आणला नसेल ना, अशी शंका आली. विदर्भातील वर्धा-नागपूरकडच्या तलावांपासून भरतपूरपर्यंत दरवर्षी उतरणारे हे पाहुणे नेमके कुठून येतात, याची माहिती तेव्हा तुटपुंजीच होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने 1959 मध्ये सलीम अलींनी पक्षी पकडून पायांत कडी घालण्याची मोठी मोहीम सुरू केली.

पक्षी हातात घेतला की त्याच्यावर पोसणारी सृष्टीही हाती येते. गोचिडी, पिसांतल्या उवा आणि चपट्या अंगाच्या रक्तपिपासू माश्या. या माश्या पिसांतून खेकड्यासारख्या तिरक्या पळतात. चपटे, चिवट अंग आणि अणकुचीदार नख्या यांमुळे चोचीला सहसा दाद देत नाहीत. मादी अंडी घालत नाही. एकेक अळी पोटातच पोसून, कोष होण्याच्या बेतात आल्यावर बाहेर टाकते. पक्षी मेला आणि अंग थंड पडू लागले, की माशी नवा यजमान शोधते. पिसांतल्या उवाही कधीकधी तिला चिकटून प्रवास करतात. पारव्यांवरची अशी माशी हिवतापाच्या जंतूंशी नाते सांगणारा रक्तातील परजीवी एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे नेते.

याच रोगजंतूंमुळे पुढे संशय उभा राहिला. पक्षिस्थलांतराच्या या कामाला अमेरिकी लष्कराच्या एका प्रकल्पाकडूनही पैसा मिळत होता. या पाहणीआड जैविक युद्धाची तयारी तर नाही ना, असा प्रश्न वृत्तपत्रांत आणि संसदेत विचारला गेला. 1974-75 मध्ये लोकलेखा समितीनेही त्याची दखल घेतली. सलीम अलींनी आरोप नाकारले. परंतु परकीय लष्कराच्या पैशावर विज्ञान चालवावे काय, हा प्रश्न त्यांच्या सचोटीहून वेगळा होता आणि रास्तही होता.

मूळ कोड्याचे उत्तर मात्र पाहुण्यांच्या विरोधात गेले नाही. क्यासनूरचा रोग स्थानिक जंगलातील गोचिडींमुळे पसरतो, हे स्पष्ट झाले. स्थलांतरित पक्ष्यांनी तो आणल्याचे सिद्ध झाले नाही. 2016 मध्ये हाच ताप महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यात पोहोचला, तेव्हा संशोधकांची नजर आभाळाकडे नव्हे, तर जंगलातील माकडे आणि गोचिडींकडे वळली.

20 जून 1987 रोजी मुंबईत सलीम अलींचे निधन झाले. ज्या शंकेपोटी पक्ष्यांच्या पायांत कडी चढली ती शंका फोल ठरली. पण त्या कड्यांनी भारतात उतरणाऱ्या पक्ष्यांच्या वाटा उलगडल्या. संशयित म्हणून पकडलेल्या पाहुण्यांची अशी ओळख पटली आणि पुढे त्यांच्या पाणथळ जागा राखण्याच्या कामी तीच उपयोगी पडली.