गाडगेबाबा आणि घरोघरचे दुखणे



आपल्या मंडळाकडे येणाऱ्या दहा तक्रारींत निम्म्या तरी नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या दारूच्या असतात. त्याला समजावून सांगा, असा प्रत्येकीचा आग्रह. परंतु समजावणे किती अवघड! म्हणून या स्मरणिकेसाठी मी आपल्याच जिल्ह्यातील श्रीगाडगेबाबांचे चरित्र निवडले आहे.

बाबांचे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. अंजनगाव सुर्जीकडच्या शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परिटाच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील दारूच्या पायी खंगले आणि १८८४ साली गेले. सखूबाईंनी काय सोसले असेल, हे आपणा बायकांना सांगायला नको. पोराला घेऊन त्या मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला माहेरी आल्या. तेथे डेबूजी गुरे राखीत, शेतात राबत मोठे झाले.

पुढे त्यांच्या घरी मुलीचे बारसे निघाले. जातभाईंना मटण व दारू द्यायची, ही रीत. डेबूजींनी गोड जेवण घातले. पंगत रुसली, पण त्यांनी रीत मोडली ती आधी स्वतःच्या अंगणात. मला वाटते, त्यांच्या शब्दाला वजन आले ते येथून.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि गाडगे. गावात शिरले की आधी गाव झाडायचे, कष्ट केल्यावरच भाकरी मागायची आणि रात्री कीर्तन. कीर्तनात ते उपदेश थोडा करीत, प्रश्न फार विचारीत. तेही आपल्या वऱ्हाडी बोलीत. उत्तर लोकांनीच द्यायचे. पिणाऱ्याला दारू वाईट हे ठाऊकच असते. आपण सांगितले की तो चिडतो, स्वतःच्या तोंडून निघाले की विचारात पडतो. शिव्या देऊन, माणसांत लाजवून कोणी सुटत नाही, हे मी आपल्या गल्लीतही पाहिले आहे.

तरी कीर्तन एका रात्रीचे. सकाळी तो माणूस आणि त्याची तलफ दोघेच उरतात. तेथे घरच्यांचा धीर लागतो, आणि वैद्यकीय मदतही. व्यसन हा आजार आहे, असे डॉक्टर सांगतात. रोज फार पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर हातपाय कापतात, झटकेही येतात; म्हणून त्याला दवाखान्याच्या देखरेखीखालीच सोडवावे. १४४४६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. सोडलेला पुन्हा प्याला तरी सारे फुकट गेले असे मानू नये. मात्र मारहाण सोसत बसणे म्हणजे धीर नव्हे; अशा वेळी बहिणीने पोरांसह आधी सुरक्षित जागी जावे.

बाबांनी पंढरपूर, नाशिक येथे धर्मशाळा उभारल्या, पण स्वतः त्यांत सुखाने राहिले नाहीत. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी, प्रवासातच, त्यांनी देह ठेवला. वडिलांची दारू त्यांना सोडवता आली नाही. तेव्हा ते आठ वर्षांचे होते. पुढे मात्र जन्मभर ते दुसऱ्यांच्या वडिलांशी बोलत राहिले.

आपल्याकडे एखादी बहीण आली, तर तिच्या नवऱ्याला बोल लावण्याआधी दोघी-तिघींनी तिच्या घरी जावे, बसावे, विचारावे आणि ऐकावे. एकदा जाऊन भागणार नाही, पुन्हा जावे.