साभार परत आलेले पुडके

— एस. वाय. बी. ए.

आपले साहित्य साभार परत आल्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. संपादकांना पत्र कसे लिहावे हे सांगणारे घरी कोणी नव्हते. गेल्या वर्षी माझी एक कथा परत आली, तेव्हा ती मी कपाटाच्या तळाशी टाकून दिली. पुढे ग्रंथालयात शार्लट ब्राँटेचे चरित्र हाती आले आणि या थोर लेखिकेची पुडकीही अशीच परत येत होती, हे कळले.

शार्लटचा जन्म २१ एप्रिल १८१६ रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. वडील पॅट्रिक हे आयर्लंडमधील गरीब शेतकरी कुटुंबातले. स्वतःच्या हिमतीवर ते केंब्रिजला शिकले आणि धर्मोपदेशक होऊन हॉवर्थ या माळरानाकाठच्या गावी आले. शार्लट पाच वर्षांची असताना आई वारली. पुढे दोन मोठ्या बहिणीही गेल्या. उरलेली चार भावंडे चिमुकल्या वह्यांत बारीक अक्षरात गोष्टी लिहीत वाढली.

विसाव्या वर्षी, शिक्षिकेची नोकरी करीत असताना, शार्लटने राजकवी रॉबर्ट साउदी यांना आपल्या कविता पाठविल्या. मार्च १८३७ मध्ये उत्तर आले. तिच्या अंगी गुण आहेत हे त्यांनी मान्य केले, परंतु साहित्य हे स्त्रीचे जीवितकार्य होऊ शकत नाही, असेही बजावले. शार्लटने नम्रपणे आभार मानले. लेखणी मात्र खाली ठेवली नाही.

लेखकासाठी प्रकाशक शोधून देणारा साहित्यिक एजंट त्या काळी नव्हता. तो व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये उभा राहिला. हॉवर्थहून प्रकाशक गाठायचा तर टपाल हाच मार्ग. बरेच प्रकाशक पत्राला उत्तरही देत नसत. तेव्हा शार्लटने एडिंबरोच्या चेंबर्स या प्रकाशकांना केवळ सल्ला विचारला. त्यांचे उत्तर त्रोटक पण व्यवहारी होते. त्यानुसार १८४६ मध्ये शार्लट, एमिली आणि अ‍ॅन या तिघी बहिणींनी करर, एलिस व अ‍ॅक्टन बेल या टोपणनावांनी कवितासंग्रह काढला, तोही पदरच्या पैशाने. वर्षभरात दोन प्रती खपल्या!

मग तिघींच्या कादंबऱ्या प्रकाशकांकडे फिरू लागल्या. एमिली आणि अ‍ॅन यांच्या कादंबऱ्या एका प्रकाशकाने त्यांच्याकडूनच पैसे घेऊन स्वीकारल्या. शार्लटची ‘द प्रोफेसर’ मात्र कोणालाच नको होती. ऑगस्ट १८४६ मध्ये वडिलांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ती मँचेस्टरला होती. शस्त्रक्रियेच्या दिवशीच ते हस्तलिखित नकार घेऊन परत आले. पण तिथल्याच भाड्याच्या खोलीत तिने नवी कादंबरी लिहायला घेतली.

जुलै १८४७ मध्ये ‘द प्रोफेसर’ लंडनच्या स्मिथ, एल्डर कंपनीकडे गेली. पुडक्याचा कागद जुनाच होता. आधीच्या प्रकाशकांची नावे तिने नुसती खोडली होती, त्यामुळे ही कादंबरी कोणाकोणाकडून परत आली ते सहज वाचता येत होते. उत्तर नकाराचेच आले. पण तेथील हस्तलिखिते वाचणारे विल्यम्स यांनी गुणदोषांची आस्थेने चर्चा केली होती आणि तीन खंडांची कादंबरी असल्यास लक्षपूर्वक वाचू, असे कळविले होते. त्या काळी वर्गणीदार वाचनालये तीन खंडी कादंबऱ्याच पसंत करीत, आणि ‘द प्रोफेसर’ लहान होती.

शार्लटची नवी कादंबरी तयार होत आलीच होती. २४ ऑगस्ट रोजी ती रेल्वेने रवाना झाली आणि ऑक्टोबर १८४७ मध्ये प्रसिद्धही झाली. तीच ‘जेन एअर’.

यश आले, पण सुख टिकले नाही. सप्टेंबर १८४८ ते मे १८४९ या काळात भाऊ ब्रॅनवेल, एमिली आणि अ‍ॅन ही तिन्ही भावंडे गेली. १८५४ मध्ये शार्लटने विवाह केला, आणि ३१ मार्च १८५५ रोजी, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, तिचे निधन झाले. ‘द प्रोफेसर’ छापून आली ती १८५७ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर.

नकाराचे पत्रही नीट वाचावे आणि तोवर पुढचे लिखाण हाती असावे, हे मी शार्लटकडून शिकले. कपाटातली कथा मी बाहेर काढली आहे. कथेसोबतची चिठ्ठी मी आज प्रथमच पूर्ण वाचली. शेवट लांबला आहे, असे संपादकांनी तीत लिहिले होते. तो आता नव्याने लिहिते आहे.