सुरीची एक जखम आणि हात धुणारा डॉक्टर

मार्च १८४७. व्हेनिसची सहल आटोपून डॉ. इग्नाझ सेमेलवाइस व्हिएन्नाला परतले, ते मित्राच्या मृत्यूची बातमी ऐकायलाच. न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेच्का यांना शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याची सुरी बोटाला लागली होती. जखम किरकोळ होती, पण काही दिवसांतच ते दगावले.

सेमेलवाइस यांचा जन्म १८१८ सालचा, हंगेरीतील बुडा गावचा. व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात ते प्रसूती विभागात सहायक होते. तिथे दोन वॉर्ड होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपणे करीत, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या वॉर्डात दहातली जवळपास एक बाळंतीण तापाने जाई. सुईणींकडे हे प्रमाण निम्म्याहूनही कमी होते. पहिल्या वॉर्डात नेऊ नका म्हणून बायका हातापाया पडत. कारण मात्र कुणालाच सापडत नव्हते.

कोलेच्कांच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचताना सेमेलवाइस यांना उलगडा झाला. शरीरातल्या खुणा बाळंतिणींसारख्याच होत्या. सुरीने जे विष मित्राच्या रक्तात नेले, तेच डॉक्टरांचे हात शवागारातून बाळंतिणीपर्यंत नेत होते. सुईणी शवविच्छेदन करीत नसत.

त्यांनी मे महिन्यात नियम केला : क्लोरीनयुक्त चुन्याच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय रुग्णाला हात लावायचा नाही. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेला मृत्युदर जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आला.

तरीही वरिष्ठांना ते पटले नाही. पटवून घ्यायचे, तर आपल्याच हातांनी मृत्यू वाटला हे कबूल करावे लागले असते. जंतूंचा सिद्धांत अजून यायचा होता. सेमेलवाइस यांनीही आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडायला १८६१ साल उजाडू दिले, आणि विरोधकांना जळजळीत पत्रे लिहून शत्रू वाढवले. १८६५ मध्ये त्यांना व्हिएन्नाच्या मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. दोन आठवड्यांतच, १३ ऑगस्टला, चिघळलेल्या जखमेचा संसर्ग रक्तात पसरून ते वारले. वय अवघे ४७.

काम करताना झालेल्या छोट्या जखमेतून जीव जाऊ शकतो, हा कोलेच्कांच्या मृत्यूचा धडा आज रुग्णालयाबाहेरही लागू आहे. गोदामात परत आलेल्या पार्सलमध्ये वापरलेली सुई निघू शकते, फुटक्या काचेने सहकाऱ्याचा हात कापू शकतो. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात. पैकी हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या डागातही किमान सात दिवस टिकतो.

म्हणून सुई हाताने नव्हे, चिमट्याने उचलून जाड, न टोचणाऱ्या डब्यात टाकावी. सांडलेले रक्त हातमोजे घालून, ब्लीचच्या पाण्याने पुसावे. टोचलेच, तर जखम न दाबता वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी, मुकादमाला सांगावे आणि लगेच डॉक्टर गाठावा. एचआयव्ही रोखणारी औषधे जितकी लवकर तितकी बरी. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग होत नाही. हिपॅटायटिस बीची लस मात्र आधीच घेता येते.

सेमेलवाइस यांच्या काळी ना लस होती, ना औषध. त्यांच्याकडे होते ते फक्त क्लोरीनचे पाणी. ते आजही तितकेच उपयोगी आहे.